पणजोबांचं थडगं

थडग्यावर चुन्याचा कुंचा फिरवत एलिशाबापू वेल्सहून आलेल्या पाहुणीला सांगत होते, "हे आमचे पणजोबा, इव्हान पॉवेल. भुसावळला रेल्वेत आले, रखमापणजीशी लग्न केलं आणि वर्षाच्या आत प्लेगनं गेले. दगडावर नाव नाही, पण त्यांच्या दोस्तांनी तिला हाच दाखवला. तिनं पोटातल्या लेकराला त्यांचं आडनाव लावलं आणि जन्मभर इथं फुलं वाहिली."

चर्चमधल्या कीर्तनात बापू हीच कथा आळवून गात, तेव्हा बायका डोळ्यांना पदर लावत.

पाहुणी पॉवेलांची वंशावळ घेऊन आली होती. तिचं बोलणं बापूंची सून मराठीत सांगत होती. पॉवेल म्हणजे 'अप हवेल', हवेलचा मुलगा. तिकडे पूर्वी बापाचंच नाव मुलाला लागे.

"म्हणजे आपल्यासारखंच की!" बापू खुलले.

पाहुणीनं कागदावरच्या इव्हानवर बोट ठेवलं, काही बोलली, आणि सून तो कागद हातात घेऊन पुन्हा वाचू लागली.

"अगं, सांग की."

"बापू, ते प्लेगनं गेलेच नाहीत. मायदेशी परतले, तिथं लग्न केलं. पाच मुलं झाली. ब्याऐंशीव्या वर्षी वारले."

कुंचा थांबला. पाहुणीनं ओशाळून विचारलं, तुमचं नाव इव्हानखाली लिहू का?

"रखमाखाली लिहा," बापू म्हणाले. "बापाचं नाव लावायची रीत तिनं पाळली."

मग त्यांनी कुंचा पुन्हा चुन्यात बुडवला.

"आता कशाला, बापू?" सून म्हणाली.

"आमच्या चार पिढ्या याच्यापाशी रडल्या. हा कोणाचा कोण, देव जाणे. पण आम्हाला सोडून कुठं गेला नाही."