जुना सर्व्हर

बाळाला मांडीवर थोपटत ती घरूनच ऑफिसातला बिघाड शोधत होती. नवा सर्व्हर दुसऱ्या बनावटीच्या जुन्या सर्व्हरला कामं सांगायचा. जुन्याला काही कळलं नाही, की तो एरर न देता नुसतं ‘ठीक’ असं उत्तर पाठवायचा. काम मात्र तसंच पडून राहायचं.

“इतके महिने हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही गं?” हेडफोनमधून टीममधली मैत्रीण म्हणाली.

“ठीक म्हणणाऱ्याच्या आत कोण कशाला डोकावतंय?”

मैत्रीण खळखळून हसली. हिला हसू आलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नव्हतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. “कशी आहेस गं?”

“ठीक.”



“ते तर तू रोजच म्हणतेस. दार उघड, बाहेर उभी आहे मी.”