आमटीची पळी

लग्नाचा स्वयंपाक असला की शेळगावच्या बचत गटाची अध्यक्ष सारजा कुणाच्याही हातातली पळी ओढून घ्यायची. "सरक, तुला न्हाय जमायचं, मीच करते!" त्यातच तिचं कंबरडं मोडलं. बारामतीच्या प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या, "पुढारपण करायचं तर काम सोपवा, गप्प बसा." म्हणून आज तिनं पळी गटातल्या सुकन्याला दिली आणि बटाट्याच्या पोत्यावर बसून राहिली. आमटीला उकळी फुटली तरी मिठाचा डबा उघडला नव्हता. सारजानं पदर दातांत धरला. अखेर सुकन्यानं आमटी चाखली, जीभ चावली आणि मीठ टाकलं. सारजाचा जीव भांड्यात पडला. एवढ्यात नव्यानं आलेल्या कमलनं ढवळायला पळी उचलली, तशी सुकन्या कडाडली, "सरक, तुला न्हाय जमायचं, मीच करते!" पोत्यावर सरकून सारजा दमल्या आवाजात म्हणाली, "पळी दे तिला. ये, हितं बस."