करंगळीची चावी

मारुतीच्या देवळासमोर, ऐन गाण्यात, कोकिळाच्या सॅक्सोफोनची चावी चिकटली.

डाव्या करंगळीची चावी. ती दाबली की खालचं झाकण उघडायचं आणि सूर निघायचा. आता कोकिळा दाबत होती, झाकण हलत नव्हतं. दुपारपासून फुंकून फुंकून झाकणाचं पॅड थुंकीनं चिकट झालं होतं, आणि चायना बाजाची स्प्रिंग ती केवढी, केसाएवढी. गाण्याची तिसरी ओळ आली. तिथं नेमका तोच सूर लागतो. बाजा भलतंच बोलला. नवरदेवाच्या घोड्यापुढं नाचणारी पोरं थबकली.

बँडचा मालक रुपचंद तोंडातली शिट्टी काढून मागं वळला.

"मी काय सांगेल व्हतं? पुंगी शे ती चायनानी, पुंगी!"

त्याची अट सगळ्या बँडला ठाऊक होती. मारुतीपासून मांडवापर्यंत सूर धरून ठेवला तर लग्नसराईभर सॅक्सोफोनची जागा कोकिळाची. नाहीतर तिनं खुळखुळा हलवायचा.

बँड कंपनीचा जुना पितळी बाजा बाजूच्या गाडीवर पेटीत पडून होता. जाड, वजनदार, भरवशाचा. कोकिळाच्या बापानं, जीवरामनं, तो तीस वर्षं वाजवला. पुढचे दात पडले तेव्हा बाजा सुटला आणि गळ्यात ढोल आला. पण लेकीनं त्या बाजाला तोंड लावायला रुपचंदची बंदी. बाईच्या तोंडानं बाजा बाटतो म्हणे. तीस वर्षं तंबाखूची लाळ पिऊन जो बाटला नाही, तो हिच्या फुंकरीनं बाटणार होता! म्हणून तिनं मोबाइलवरून हा मागवला. सोन्यासारखा पिवळा, तेलाच्या डब्यासारखा हलका.

जीवरामनं मान न वळवता ढोलाची चाल बदलली. तेच ते चार ठोके गोल गोल फिरवू लागला. पोरं पुन्हा हलली. लेकीला त्यानं दोन मिनिटं काढून दिली. जास्त नाही.

"चिटकी गई का?"

"हा आबा."

"कोरी नोट घाल तिनाखाल. दाबीसन ओढ."

कोकिळानं लाल कोटाच्या खिशातून दहाची नोट काढली. घामानं भिजून चिंधी झालेली. पॅडची थुंकी टिपायला झाकणाखाली सारली, दाबली, ओढली. अर्धी हातात आली, अर्धी आत राहिली. ती तिनं नखानं कोरून काढली.

"कोरी म्हणस मी, कोरी!" जीवराम दात नसलेल्या तोंडानं ओरडला.

बँडवाल्यांच्या खिशात कोरी नोट कुठून यायची? सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

तेवढ्यात नवरदेवाचा मामा गर्दी फोडून आला. झुलाल त्याचं नाव. देवपूरला त्याचा बंगला. अंगात पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात बोटभर जाड सोनं, पायात दारूची लय.

"का वं मास्टरीणबाई, दम सरी गया का?"

पोरं हसली. मामानं पाचशेची नोट काढून तिच्या डोक्यावरून ओवाळली. ओवाळलेली नोट बाजाच्या भोंग्यात टाकायची, ही रीत. पण मामानं ती टाकली नाही.

"हातवरी नही. तोंडवरी ले. तोंड तं तुनं चांगलं चालस!"

आणि नोट स्वतःच्या दातांत धरून तो तिच्यापुढं वाकला.

शिट्ट्या झाल्या. मोबाइल वर झाले. रुपचंद तिच्या कानाशी आला.

"ले ना वं. गिऱ्हाईक शे. तुनं काय झिजस?"

बाजाला तोंड लावलं तर बाटतो, आणि हे चालतं! कोकिळाच्या जिभेवर आलं होतं. मागं ढोलाचा एक ठोका चुकला. ढोल गळ्यात आल्यापासून जीवरामचा ठोका कुणी चुकलेला ऐकला नव्हता.

ती मामाकडे बघतच नव्हती. ती नोटेकडे बघत होती. कडक होती. घडीसुद्धा न पडलेली.

तिनं हात पुढं केला आणि मामाच्या दातांतून नोट उपसून घेतली. झाकणाखाली सारली. दाबली. ओढली. उलटी करून पुन्हा सारली, पुन्हा दाबली, पुन्हा ओढली. मग करंगळी टेकवली. झाकण टक्कन उघडलं.

नोट तिनं मामाच्या हातात ठेवली.

"ल्या मामा. मनं काम व्हई गयं."

"ए!" रुपचंद किंचाळला. कंपनीत आलेली नोट परत जात नसते.

कोकिळानं बाजा तोंडाला लावला आणि सरळ तिसरी ओळ धरली. तो सूर आला. तिनं तो सोडला नाही, दम पुरेल तोवर ताणला, देवळाच्या कळसापर्यंत. जीवरामनं ढोलावर दोन्ही हात घातले. घोडा बिचकला. पोरांनी मोबाइल खिशात टाकले आणि नाचायला सुटली.

लांब शिट्टी म्हणजे बंद, दोन छोट्या म्हणजे पुढं चला. रुपचंदनं शिट्टी तोंडात धरली. कोकिळाकडे पाहिलं, मग धुळीत उसळणाऱ्या वरातीकडे पाहिलं. त्यानं एक शिवी गिळली आणि दोन छोट्या शिट्ट्या वाजवल्या.

वरात मांडवाकडे सरकली. झुलालमामा देवळाच्या पारापाशी एकटाच उभा राहिला. नोटेवर थुंकीचा ओला, गोल, मळकट शिक्का उमटला होता. ती पांढऱ्या शर्टाच्या खिशात घालवेना, आणि पाचशेची होती, फेकवेना. दोन बोटांच्या चिमटीत धरून तो ती वाळवत होता.