ओळख

केतकीला सोलापुरात करमणार नाही, या काळजीनं महेश्वर दोन वर्षं पुणं सोडायला कचरत होता. तिचा जन्म पुण्यातला. तिला सोलापूरचं ऊन सोसायचं नाही, कानडी मिसळलेली बोली कळायची नाही. त्याचं काय, त्याचं तर गावच होतं. शेवटी आई थकली तेव्हा त्यानं मन घट्ट केलं, घरून काम करायची परवानगी मिळवली आणि बायकोमुलीला घेऊन होटगी रोडवरच्या घरी राहायला आला.

पहिल्याच रविवारी त्यानं शाळेतल्या विरेशला फोन लावला. "सात रस्ता चौकात संध्याकाळी चहा घ्यायचा का रे?"

"सोलापुरात ऱ्हायलंय कोण आता?" विरेश हसला. "मी पुण्यात हाय की लेका, वारज्यात. आपली सगळी पोरं हितंच हायत. तूच उलटा निघालास की!"

सहा महिन्यांत केतकी भाजीवालीशी कानडीत घासाघीस करायला लागली. दुपारी शेजारणी तिला हाक मारत यायच्या. महेश्वर दिवसभर लॅपटॉपशी बोलायचा आणि संध्याकाळी एकटाच तलावाला फेरी मारून यायचा.

एकदा ती त्याला ओढूनच बागेत घेऊन गेली. बाकावर तिच्या मैत्रिणी नवऱ्यांसोबत बसल्या होत्या. महेश्वरनं अवघडून हात जोडले.

"हे आमचे मिस्टर," केतकी म्हणाली. "जरा बोला त्यांच्याशी. हितं कुणी ओळखीचं न्हाय त्यांच्या."