शेजारच्या खुर्चीतली टोपी

“ती टोपी उचला, खुर्ची पुसायची आहे,” लोरेन म्हणाली.

“तिची खुर्ची मी पुसतो,” म्हातारा म्हणाला आणि त्याने खिशातून रुमाल काढला.

पिट्सबर्गच्या बेसबॉल मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम लोरेन वोझनियाक चौदा वर्षं करत होती. दोन तिकिटं काढून एका खुर्चीत टोपी बसवणारे तिने बरेच पाहिले होते. बहुतेकांची बायको वारलेली असे. काहींची आई. एकाचा कुत्रा होता.

या म्हाताऱ्याचं नाव हार्लन टिबेट्स. वय एकाहत्तर, मुक्काम आयोवा. आयोवात बेसबॉलच्या सर्वांत वरच्या साखळीतला एकही संघ नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला त्या साखळीतल्या संघांची तीसच्या तीस मैदानं सारखीच परकी आणि सारखीच आपली.

“हे तिसावं,” तो म्हणाला. “पहिली अकरा दोघांनी मिळून केली. मग कोरिन वारली. पुढची अठरा तिच्या टोपीबरोबर केली. आमचं लग्न याच गावात झालं. शेवटचं मैदान इथलं, तेही लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, हे पहिल्याच सहलीत ठरलं होतं. तो आज.”

“आणि मध्येच उठून जावं लागलं तर?”

“मोजायचं नाही. दोन्ही खुर्च्या शेवटच्या चेंडूपर्यंत आमच्याच, हा नियम. क्लीव्हलंडला आठव्या डावात ती गाडीत जाऊन झोपली. पुढच्या वर्षी सातशे मैल परत.”

“कशाने गेल्या हो?”

“हृदय,” हार्लन म्हणाला.

तिसऱ्या डावात लोरेन त्या बाजूने गेली, तेव्हा मागच्या रांगेतल्या माणसाला तो यकृत सांगत होता.

लोरेन जरा बुचकळ्यात पडली. ती स्वतः नऊ वर्षांपासून विधवा. विधुरांची जात तिला चांगली ठाऊक होती. दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांची बायको संत होते आणि तिच्या हातच्या पुडिंगला जगात तोड उरत नाही. हा अजून भांडत होता.

“नकाशा उलटा धरायची,” तो सांगत होता. “उलटा! आणि मी बोललो की खिडकीबाहेर बघायची.” एखादा फलंदाज बाद झाला, की तो पेन्सिलीने धावपत्रकात खूण करी आणि टोपीला म्हणे, “बघितलंस? सांगितलं नव्हतं?” मग थोडा वेळ थांबे. टोपी गप्प बसली, की त्याला वाईट वाटल्यासारखं दिसे.

चौथ्या डावात पलीकडच्या भागातला गस खाली आला. तोही जागा दाखवणाराच.

“लोरेनबाई, अडचण आहे. वरच्या मजल्यावर उन्हात चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका म्हाताऱ्याला भोवळ आलीय. बायको सोबत आहे. सावलीत शेजारी-शेजारी दोन खुर्च्या पाहिजेत, आणि मैदान खच्चून भरलंय. तुझी ही टोपी सोडून.”

“एका खुर्चीत दोघं मांडीवर बसणार का?”

“माझ्याकडेही एक टोपी आहे ना. एक बाई नवऱ्याची टोपी घेऊन बसलीय. सकाळपासून कुणाला हात लावू देत नाही.”

“मग?”

“मग काय, शाळेत गेली होतीस ना? दोन माणसं, दोन टोप्या, चार खुर्च्या. माझी बाई तुझ्या माणसाशेजारी बसव, टोप्या मांडीवर. माझ्याकडच्या दोन सुटल्या.” गसने आवाज खाली आणला. “शिवाय दोघं एकटी आहेत. वाईट काय आहे त्यात?”

त्यात काय वाईट आहे, हे लोरेनला सांगता आलं नसतं. थोडं वाईट वाटलं मात्र खरं.

हार्लनने साफ नकार दिला.

“तिथे परकी बाई बसली की संपलं. एकोणतीसवर अडकलो. पुन्हा येईन म्हटलं, तरी चाळिसावा वाढदिवस दुसरा कुठून आणू?”

लोरेनने वाद घातला नाही. नुसतं वर बोट केलं. वरच्या कठड्याशी एक म्हातारी नवऱ्याच्या डोक्यावर कार्यक्रमपत्रिका धरून उभी होती. हात अवघडला की ती पत्रिका दुसऱ्या हातात घेत होती, पण खाली घेत नव्हती.

हार्लनने मान वर करून पाहिलं. “किती वर्षं झाली असतील यांच्या लग्नाला?”

“साठ तरी.”

“साठ,” तो म्हणाला, कुणीतरी शिवी दिल्यासारखा. मग त्याने धावपत्रक मिटलं, पेन्सिल खिशात ठेवली आणि टोपी उचलली. “हरलो मी,” तो म्हणाला. लोरेनला नव्हे, टोपीला.

पाचवा डाव संपला. पिरोगीचं, म्हणजे करंजीसारख्या एका खाद्यपदार्थाचं, सोंग घेतलेली माणसं नेहमीप्रमाणे मैदानाच्या कडेने पळत सुटली आणि अख्खं मैदान उभं राहून ओरडू लागलं. त्या गोंधळात गस पायऱ्या उतरत आला. त्याच्यामागे एक उंच बाई होती. तिने एक पुरुषी टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

“माणूस भला आहे,” गस तिला ओरडून सांगत होता. “बायको गेलीय बिचाऱ्याची.”

हार्लनने वळून पाहिलं आणि तो उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एका सामन्यात दोघांना भोवळ, या विचाराने लोरेनने त्याचं कोपर धरलं.

ती बाई एक पायरी वरच थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या टोपीकडे. तो तिच्या हातातल्या टोपीकडे पाहत होता. लोरेनने पुढाकार घेतला.

“हे मिस्टर टिबेट्स. आयोवाचे. आणि या—”

“राहू दे हो,” ती बाई म्हणाली. “हेच माझे कैलासवासी.”