हाकेची चाचणी

तंजावरजवळच्या पापनाशमच्या भातशेतातल्या नर बेडकांची हाक सुप्रभाने रेकॉर्ड करून आणली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओरत्तनाडूच्या माद्यांना ऐकवली. एकदा नाही, तीनदा. दोन्ही गावच्या बेडकांचे रंग, बोटं, पाठीवरचे पट्टे, सगळं हुबेहूब सारखं. पण एकही मादी स्पीकरकडे वळली नाही.

"म्हणजे या दोन वेगळ्या प्रजाती, मॅडम?" विद्यार्थिनीने विचारलं.

"तसंच दिसतंय. कधीकाळी एकच असतील गं, पण आता हाकच ओळखत नाहीत ना!" सुप्रभा खुशीत होती. असं काही हाती लागायला उभा जन्म जातो.

घरी आली तर वडिलांची मान उशीवरून घसरलेली. पक्षाघाताच्या झटक्यात त्यांची इंग्रजी गेली, तमिळही गेली. लहानपणची तंजावरची मराठी तेवढी उरली होती.

"उशी सरकव गे, बाळे," ते कळवळून म्हणत होते. एकदा नाही, तीनदा. दहा वर्षांची नात नंदिता आपल्या ताताच्या, म्हणजे आजोबांच्या, पलंगाशेजारीच चित्र रंगवत बसली होती. तिने मान वर केली, पण ती जागची हलली नाही.

आई दारात दिसताच ती तमिळमध्ये म्हणाली,

"अम्मा, ताता मघापासून कुणाला हाक मारतायत?"