येटे नावाचं गाव

येटे नावाचं गाव कुणालाच सापडेना.

लोरेन सुखू ते तीन वर्षं शोधत होती. ती गयानाची. तिची पणजी ऊसमळ्यांवर राबायला जहाजातून तिकडे गेलेली, आणि लोरेन स्वतः कापडावर चित्रं करणारी. आणखी दोघा कॅरिबियन पाहुण्यांबरोबर ती उज्जैनजवळ भैरवगढच्या एका कापडछपाईच्या कारखान्यात सतरंजीवर बसली होती. समोर तिनं सकाळीच ठप्पे मारलेली चादर वाळत होती. चादरीच्या चारही काठांना इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता. येटे.

मुक्ता तिचं इंग्रजी हिंदीत सांगत होती. कानानं घ्यायचं, तोंडानं सोडून द्यायचं. मध्ये कुठे काही लागत नव्हतं. गेले चार महिने तिला कशाचंच काही लागत नव्हतं.

आषाढात तिचे यजमान मधुकरराव सकाळी स्कूटरवरून नानाखेड्याला निघाले, ते वाटेतच हार्ट अटॅकनं गेले. निघताना दारातून ते रोजचं बोलले होते. मुक्तानं रोजचं उत्तर दिलं नाही. मिक्सरमध्ये चटणी फिरत होती आणि तिचं लक्ष चटणीकडे होतं. ते थोडे थांबलेही असतील. तिनं वळून पाहिलं नाही. पुढे लोक भेटायला आले, तेरावा झाला, सगळे यथासांग रडले. मुक्ता तेवढी रडली नाही. ती बधिर झाली होती आणि खरं सांगायचं तर त्या बधिरपणात तिला बरं वाटत होतं.

आज शेजारच्या अपर्णानं तिला ओढून आणलं होतं. “वहिनी, घरात बसून काय करणार? दो घंटे की तो बात है. तुमच्याएवढं इंग्रजी इथे कुणाला येतं?”

बोलणं रंगलं होतं. पाहुण्यांतला कवी म्हणाला, तिकडे आम्हाला कुली म्हणून हिणवतात आणि इकडे फॉरेनर म्हणून फोटो काढतात, तर आम्ही नक्की कोण? मुक्तानं ते हिंदीत सांगितलं. मग स्थानिक पेपरचा बातमीदार सुमीत पुढे सरसावला. “मैडम, इनसे पूछिए, जात कौन-सी है? गोत्र तो पता होगा?”

मुक्तानं तेही इंग्रजीत सांगितलं. तिला एरवी लाज वाटली असती.

लोरेनला हा प्रश्न नवा नव्हता. “जहाजावर चढवताना कारकुनानंही हेच विचारलं होतं,” ती म्हणाली. “पणजीनं सांगितलं नाही. एकवीस वर्षांची विधवा, एकटी. कागदावर नाव भागू, जिल्हा उज्जैन. जातीचा रकाना कोरा, गावाचाही कोरा. गावाचं नाव तेवढं ती तोंडी ठेवून गेली. येटे.”

मग सगळे त्या गावाच्या मागे लागले. सुमीत म्हणाला, इटावा असेल, बिगड़ के येटे हो गया. अपर्णानं मोबाइलवर नकाशा काढून मालव्यातलं एकेक खेडं पालथं घातलं. कवीला वाटत होतं, तो आफ्रिकी शब्द असावा, मळ्यावर उचललेला. मुक्ता सगळ्यांचं सगळ्यांना सांगत राहिली.

शेवटी कारखान्याचे म्हातारे मालक रंगानं निळे झालेले हात पुसत म्हणाले, “बेटा, इनको किसने कहा कि ये गाँव का नाम है?”

लोरेन जरा दुखावली. “दुसरं काय असणार? आजी घराबाहेर पडताना दर वेळी ते म्हणायची. तिची आई म्हणायची म्हणून. पणजी वारली तेव्हा आजी सहा वर्षांची होती, तेवढं एकच तिच्या लक्षात राहिलं. जी बाई आपलं गाव कायमचं सोडून आली, तिला उंबरा ओलांडताना गाव आठवणार नाही?”

मुक्तानं हिंदीत सांगितलं. मालकांना ते पटलं नसावं. म्हणून लोरेन उठली, कारखान्याच्या दारापर्यंत गेली, एक हात चौकटीवर ठेवला आणि मान मागे वळवली.

“येटे,” ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

“आजी अशी थांबायची,” ती तिथूनच म्हणाली. “पणजीही थांबायची म्हणे. आम्ही पोरं आकडे मोजायचो. सात, आठपर्यंत जायचे. कशासाठी थांबायचं ते आजीलाही ठाऊक नव्हतं. मग ती मान खाली घालून निघून जायची.”

सगळे हिंदीची वाट बघत होते. हिंदी येईना.

“वहिनी?” अपर्णा म्हणाली.

मुक्ताला मिक्सरचा आवाज ऐकू येत होता. मराठी बाई घरातून निघताना “जाते” म्हणत नाही. तिला परत यायचं असतं. ती “येते” म्हणते, आणि घरातल्या कुणीतरी आतून आवाज देईपर्यंत तिचा पाय उचलत नाही. पुरुषांचंही तसंच असतं.

लोरेन अजून दारात होती, हात चौकटीवर, मान वळवलेली. मुक्ता मनात मोजत होती. पाच झाले, सहा झाले. तिचे डोळे भरून आले आणि समोरचं दार दिसेनासं झालं.

“या,” ती त्या दाराकडे बघून म्हणाली. “सावकाश या.”